बुढापाऱ्यातलं सात दिवसांचं जेवण

सोमवार, डिसेंबरचा दुसरा आठवडा, सकाळी साडेआठ. बुढापारा, तळ्याच्या मागची गल्ली, तळमजल्यावरच्या दोन खोल्या. हजर: काकू, वय बहात्तर, काका, वय अठ्ठ्याहत्तर, उजव्या डोळ्यावर पट्टी, मी. गैरहजर: मुलगी, बिलासपूर. सोबत: तराजू एक, मापं तीन, छापील फॉर्म एक, पेनं दोन.

माझ्या वहीतलं त्या दिवसाचं पान असं सुरू होतं. माझी सगळीच पानं अशी सुरू होतात. सव्वीस वर्षं मी रायपूरमध्ये घरोघर जाऊन एकच गोष्ट विचारली: काल काय खाल्लं आणि ते कितीला आणलं. आधी तारीख, मग हजेरी, मग बाकीचं, ही शिस्त माझी मीच लावून घेतली, कारण समोर कोण बसलंय यावर उत्तर ठरतं. सासू बसली असेल तर तूप कमी होतं. नवरा बसला असेल तर गुटखा गायब होतो. शेजारीण बसली असेल तर घरात अचानक पनीर यायला लागतं.

गेल्या मार्चपासून मी फिरत नाही. गुडघे बोलतात. आता नव्या मुलींना शिकवते. त्यांच्या हातात टॅबलेट असतो, आकडा चुकला की तो लाल होतो. माझ्या वेळी खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत आकड्याचा तराजू आणि ॲल्युमिनियमची मापं. गुढियारीच्या हमालवस्तीत पोरं मागे धावायची, "भंगारवाली दीदी आई!" म्हणून. त्या पिशवीची मला अजून आठवण येते. ती खांद्यावर असली की कुठल्याही स्वयंपाकघरात जाता यायचं, आणि मला दुसऱ्यांची स्वयंपाकघरं फार आवडत.

काम सांगते. आमची संस्था लहान होती. जो काम देईल त्याच्यासाठी घरांच्या खाण्याच्या खर्चाची पाहणी करून द्यायची. ठरलेल्या घरी पहिल्या सकाळी प्रत्येक डबा तोलायचा. मग रोज सकाळी जाऊन आदल्या दिवशी काय आणलं, काय शिजलं, किती जण जेवले ते लिहून घ्यायचं. सात दिवस झाले की डबे पुन्हा तोलायचे. आधीचं वजन, त्यात आणलेलं मिळवायचं, उरलेलं वजा करायचं. राहील ते खाल्लेलं. हे शिकायला एक दिवस पुरतो. बाईनं आपला डाळीचा डबा परक्या बाईसमोर मोकळ्या मनानं उघडावा, हे जमायला मला चार-पाच वर्षं लागली.

नियम तीन. घरात पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. एका घरचं दुसऱ्या घरी सांगायचं नाही. आणि काय खावं हे कोणाला शिकवायचं नाही. चौथा नियम कागदावर नव्हता, पण सगळे पाळायचे: वजनं घरच्यांसमोर जुळवायची नाहीत. समोर बेरीज-वजाबाकी केली की माणसाला वाटतं, ही आपल्याला खोटं पाडायला आली आहे. आकडे लिहून घ्यायचे, हसून उठायचं, जुळवणी घरी.

पहिल्याच वर्षी मी गुढियारीतल्या बारा घरांचे फॉर्म चुकवले. सकाळच्या रकान्यात सगळीकडे "काही नाही" लिहिलं. आमचे पर्यवेक्षक शुक्ला सर म्हणाले, "मैडम, पूरा मोहल्ला भूखा काम पे जाता है क्या?" मी परत गेले. मालधक्क्यावर पोती उचलणाऱ्या हमालाची बायको, रुखमिनबाई, दारातच बसली होती. तिच्यासमोर मोठं कासंडं, त्यात रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, शेजारी हिरवी मिरची आणि कांदा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"बासी आय, दीदी."

"मग काल तू 'कुछु नइ' का म्हणालीस?"

"त बासी ला घलो लिखबे का?" बासीसुद्धा लिहिणार का, म्हणत ती इतकी हसली की मिरचीचा ठसका लागला.

बासी हे तिच्या लेखी खाणं नव्हतंच. ते आपलं असतं, श्वास घेण्यासारखं. आणि मी मराठी घरातली. शिळा भात म्हटलं की मला फोडणीचा भात आठवायचा. मीही विचारलं नाही. बाराही घरांत पुन्हा जाऊन बासी लिहिली.

याच रुखमिनबाईनं मला माझ्या विषयातला मोठा धडा दिला. ती रोज संध्याकाळी तेलाची सगळ्यात लहान पुडी आणायची. महिन्याचा हिशेब मांडला तर नव्या कॉलनीतल्या घरांपेक्षा तिला तेल महाग पडत होतं. तिसरा नियम विसरून मी म्हटलं, "मोठं पॅकेट घेतलंस तर स्वस्त पडेल." ती म्हणाली, "हव, पर बड़े पाकिट के पइसा एके दिन कहाँ ले आही?" रोजची मजुरी रोजची पुडी आणते. मी लिहून घेतलं.

उलट त्या नव्या कॉलनीत एका बाईंना घरात तांदूळ कोणता येतो तेच माहीत नव्हतं. त्यांनी स्वयंपाक्याला हाक मारली, "भैया, इनको सब बता दो," आणि त्या फोनवर बोलायला आत गेल्या. भैयानं मला सगळं ग्रॅममध्ये सांगितलं, वर विचारलं, "दीदी, इसमें मेरा खाना भी आएगा ना?" आलं.

इतक्या वर्षांत एक गोष्ट मनाशी पक्की झाली होती. वर चढणारं घर खाणं कमी करून सांगतं, नजर लागू नये म्हणून. खाली येणारं घर वाढवून सांगतं. हे मी नव्या मुलींना फळ्यावर लिहून देते. आणि हे माहीत असूनही बुढापाऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत मी पुरती फसले.

त्या डिसेंबरला चार वर्षं होतील. काकूंकडे जाऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच नातं निघालं. रायपूरच्या मराठी घरांत ते निघतंच. काकूंच्या थोरल्या जावेचं माहेर पुरानी बस्तीत, आमच्याच गल्लीत. "म्हणजे तू सुमनची पोट्टी!" काकू म्हणाल्या. सुमन माझी आई. तिला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, आणि तिचं नाव असं एकेरीत घेणारं कोणी उरलं नव्हतं.

मी डबे तोलायला घेतले. काका खुर्चीतून बघत होते. ते एका ठेकेदाराकडे नकाशे काढायचे. पेन्शन नाही, थोडी ठेव, आणि आता डोळ्यांत घ्यायची महागडी इंजेक्शनं. "माह्यंही वजन करून घे," ते म्हणाले. "लिही, म्हातारा एक, जुना माल, परत घेतल्या जाणार नाही."

"तुम्ही चूप बसा हो," काकू म्हणाल्या, आणि मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "वसू, हे लिहिलेलं मले भेटन काय?"

"नाही काकू. फॉर्म कार्यालयात जातो. काहून?"

"पिंकीले दाखवाले." पिंकी त्यांची एकुलती मुलगी, बिलासपूरला शाळेत शिकवते. "तिच्या डोक्यात बसलं आहे का आमचं इथं भागत नाही. पुढच्या सोमवारी येऊन राहिली, आम्हाले घेऊन जाते म्हणते. जावयाच्या घरी, वो! तिथं तिची सासू आहे, दीर आहे. मी तिथं पाणी घ्याले उठली तरी विचारून उठाव लागन. इथं माह्यी चूल आहे. कागदावर आलं की आम्ही दोन वेळ नीट जेवून राहिलो, तर तिचं तोंड बंद होईन."

म्हणजे पहिल्याच सकाळी काकूंनी मला सगळं सांगून टाकलं होतं: त्यांना माझ्याकडून काय हवं आहे आणि कशासाठी. एवढं कळल्यावर कोणीही नवखी मुलगीसुद्धा सावध झाली असती. मी झाले नाही, कारण तेवढ्यात पोहे आले.

"काकू, मी फक्त पाणी घेते. नियम आहे."

"सुमनची पोट्टी माह्या घरून पाणी पिऊन जाईन? नियम ठेव त्या पिशवीत."

पोहे मटार घालून केलेले, वर ओलं खोबरं, बाजूला लिंबाची फोड. माझ्या घरी मुलं हिंदीत उत्तरं देतात आणि सकाळी ब्रेड खातात. असे पोहे मी आईनंतर खाल्ले नव्हते. मी ताटली संपवली. मंगळवारी सांजा. बुधवारी मेथीचं थालीपीठ, लोण्याचा गोळा घालून. गुरुवारी एकादशी निघाली, साबुदाण्याची खिचडी. शुक्रवारी पुन्हा पोहे. शनिवारी आलूबोंडे. रविवारी शिरा, केळं घालून. काकू मला भरून वाढत आणि स्वतःला, काकांना बशीत चमचा-दोन चमचे घेत. "आमचं आत्ताच झालं," म्हणत. मी खात खात लिहायची आणि काकू सांगायच्या: काल दुपारी भात, ताक. काल संध्याकाळी वरण-भात, बटाट्याची भाजी, चार पोळ्या. दुसऱ्या दिवशी भाजी बदलायची.

त्या सकाळींबद्दल मी कितीही स्वतःला रागावले तरी त्या माझ्या नोकरीतल्या सगळ्यात सुखाच्या सकाळी होत्या, हे खोटं करता येत नाही. काका रेडिओ हळू करून माझ्या आईच्या लग्नातला गोंधळ सांगत. वरात स्टेशनऐवजी मालधक्क्यावर उतरली होती, आणि वऱ्हाडाला हमालांनी चहा पाजला. काकू मधेच म्हणत, "असं नोयतं वो झालं, हे वाढवून सांगते." मी साडेआठला जाऊन नऊला निघायचं, ती दहाला निघायची. पुढच्या घरी उशीर व्हायचा. फॉर्मवर एक ओळ असते: घराबाहेरच्या माणसांना वाढलेली ताटं किती. त्या ओळीत मी सातही दिवस शून्य लिहिलं. दुसरं लिहिणार काय? पाहणी करणाऱ्या बाईनं काही खायचंच नसतं.

शनिवारी काकूंनी पुन्हा विचारलं. फॉर्म देता येत नव्हता, पण मी मनाशी तोड काढली. त्यांनीच सांगितलेलं त्यांनाच परत लिहून द्यायला काय हरकत? रविवारी रात्री घरी बसून कोऱ्या कागदावर दोन रकाने आखले, दुपार आणि संध्याकाळ, सात ओळी, खाली रेघ. रविवारी काय शिजणार ते काकूंना सकाळीच विचारून घेतलं होतं. माझं अक्षर चांगलं आहे. कागद छापल्यासारखा दिसत होता.

सोमवारी सकाळी पिंकी आलेली होती. दारातच तिची मोठी सूटकेस, उघडी आणि रिकामी. चाळिशीची, बोलायला चटपटीत, अर्धं हिंदीत.

"आई, इस बार नहीं सुनूँगी. बाबांना पण सांगितलंय. दो जोड़ी कपड़े रखो, बाकी वहाँ ले लेंगे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून कागद काढून दिला. काकूंनी तो न वाचता पिंकीच्या हातात ठेवला.

पिंकीनं उभ्याउभ्या वाचला. मग बसून पुन्हा वाचला. "अरे वाह. दोन्ही टाइम जेवण, रात को वरण-भात, भाजी, पोळी? तुम लोग तो मेरे से अच्छा खाते हो!" मग माझ्याकडे वळून, "दीदी, आपने खुद देखा है ना?"

मी म्हटलं, "हो. मीच तर लिहिलंय."

मी ऐकलं होतं. पाहिलं नव्हतं. पाहणी करणारीला यातला फरक शिकवावा लागत नाही. काका त्या वेळी खिडकीबाहेर बघत होते, हे मला आत्ता आठवतंय.

मी शेवटचे डबे तोलले. पिंकी गप्पा मारत होती, काकू तिच्यासाठी शिरा ढवळत होत्या, मी काटा वाचत होते आणि लिहीत होते. आधीचे आकडे मागच्या पानावर होते. पान उलटलं नाही, जुळवणी घरी. निघताना पाहिलं तर पिंकी सूटकेसची चेन लावत होती. ती दुपारच्या गाडीनं एकटी परत गेली.

संध्याकाळी मी जुळवणीला बसले. पोहे दीड किलो होते, अकराशे ग्रॅम उरले. साखर, तेल, शेंगदाणे, रवा, सगळं भरपूर उतरलं होतं. तांदूळ एक किलो चारशे ग्रॅम उतरला होता. सातानं भागलं, दोन माणसांना दिवसातून एका वेळचा भात. कणीक जेमतेम दीडशे ग्रॅम उतरली होती. ती बुधवारच्या थालीपिठांत गेली होती. रोजच्या चार पोळ्या कशाच्या केल्या मग? आणि तुरीची डाळ: पहिल्या सोमवारी साडेसातशे ग्रॅम, दुसऱ्या सोमवारी साडेसातशे ग्रॅम. मी काटा चुकीचा वाचला असेल म्हणून दोन्ही पानं दिव्याखाली धरली. सात दिवसांत त्या घरात वरण शिजलं नव्हतं. दुपारी भात आणि ताक. संध्याकाळी, काकूंनी ज्याला वरण-भात, भाजी, पोळी म्हटलं होतं त्या प्रत्येक संध्याकाळी, चहा. आणि आठवड्यात आणलेलं दूध, मटार, मेथी, लोणी, केळी, जवळजवळ सगळं मी खाल्लं होतं.

मंगळवारी मी गेले. काकू तांदूळ निवडत होत्या. काका आत झोपले होते.

"आज कशी वो? संपलं ना तुहं?"

"काकू, डाळीचा डबा हललाच नाही."

त्यांचा हात थांबला नाही. "मग?"

"सात दिवस संध्याकाळी काय खाल्लं?"

"तुले सांगतलं ना. लिहिलं ना तू."

"काकू."

त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "यांच्या डोळ्यात महिन्याले एक इंजेक्शन जाते. ते आधी. बाकी राहते त्यात एक वेळ निघते, चांगली निघते. म्हाताऱ्या माणसाले रात्री जड पडते तसंही."

"मग मले कशाले खाऊ घातलं रोज?"

त्यांनी खरंच नवल वाटल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "तू आली होती ना घरी."

मी म्हटलं, पिंकीला सांगायला हवं. कागद चुकीचा आहे, मी दिला, मीच सांगते. तेव्हा काकू सूप बाजूला ठेवून सरळ बसल्या. "पहिल्या दिवशी तूच वाचून दाखवलं मले. एका घरचं दुसऱ्या घरी सांगायचं नाही. पिंकी या घरून गेली त्याले अठरा वर्षं झाली. तिचं घर दुसरं घर आहे. आहे का नाही?"

त्या उठल्या. "बस, चहा टाकते," म्हणाल्या. मी नको नको म्हणत अक्षरशः पळून आले. दूध किती होतं ते मला माहीत होतं.

बुधवारी कार्यालयात फॉर्म दुरुस्त केला. संध्याकाळच्या सातही रकान्यांत "चहा" लिहिलं, आणि बाहेरच्या माणसांना वाढलेल्या ताटांच्या ओळीत शून्य खोडून सात, शेजारी माझी सही. शुक्ला सरांनी चष्मा वर केला. "मैडम, ये आप अपने ही ख़िलाफ़ लिख रही हैं."

"हाँ सर. सात प्लेट मैंने खाई."

"क्या-क्या था?"

मी सगळं सांगितलं. केळ्याच्या शिऱ्यापाशी ते म्हणाले, "बस कीजिए, मुझे भूख लग रही है," आणि शेरा लिहिला. माझं त्या वर्षीचं काम तीन महिने थांबलं. ते रास्तच होतं. कार्यालयातला कागद मात्र खरा झाला. बिलासपूरला गेलेला तसाच राहिला.

नंतर मी जमेल ते केलं, बहुतेक फसलं. रेशनकार्डाचा अर्ज भरून नेला; काकूंनी तो कुंकू लावून देवाजवळ ठेवला, आणि तिथेच राहू दिला. दुकानाच्या रांगेत अर्धा बुढापारा बघतो, म्हणाल्या. मी रुखमिनबाईचं उदाहरण दिलं, ती ताठ मानेनं रांगेत उभी राहते. "तिले काय पडायचं आहे तिथून," काकू म्हणाल्या, "ती आधीच जमिनीवर उभी आहे." त्यांच्या बोलण्यात तिच्याबद्दल हेवा होता, हलकेपणा नव्हता, एवढं नोंदवते. मग दिवाळीआधी मी पाच किलो तांदूळ पाठवले, पाहणीतल्या घरांना संस्थेकडून भेट म्हणून. संस्थेनं आजवर कोणाला पेन दिलेलं नाही. आठ दिवसांनी तेच तांदूळ चकल्या आणि अनारसे होऊन माझ्या घरी आले, डबा भरून, वर चिठ्ठी: "पोरांसाठी." तेल, तूप, गूळ, खसखस त्यांच्या पदरची. हिशेब केला तर त्या भेटीनं त्यांना माझ्यापेक्षा जास्त खर्चात घातलं होतं.

तेव्हा कळलं की त्या घराला मदत करायची तर तिथे जायचंच नाही. मी जाणं बंद केलं. जिथे सगळ्यात जास्त जावंसं वाटायचं ते घर मी टाळलं. बाजारात, देवळात भेट झाली की काकू म्हणत, "काहून येत नाही वो? रागावली काय?" मी म्हणे, काम फार आहे.

या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या दिसल्या. साडी नीट, केस नीट. वाण घ्यायला हात पुढे केला तेव्हा बांगड्या घसरून कोपरापाशी गेल्या. त्यांनी त्या चटकन मनगटावर ओढून घेतल्या आणि आजूबाजूला पाहिलं. मी पाहिलंय हे त्यांना कळलं. काका आता बाहेर पडत नाहीत.

आणि गेल्या आठवड्यात पिंकीचा निरोप आला. चार वर्षांपूर्वीचा कागद तिनं आपल्या फ्रिजवर लावला आहे. फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "दीदी, आई-बाबा का फिर एक बार वैसा लिस्ट बना दीजिए ना. फ़ोन पे पूछो तो रोज़ वरण-भात-भाजी-पोळी बोलते हैं. आपका लिखा हुआ देखती हूँ तो तसल्ली होती है."

मी वहीत दोन बाजू मांडून पाहिल्या. गप्प राहिले तर काकूंची चूल त्यांचीच राहते, आणि तिच्यावर काही शिजत नाही. सांगितलं तर काकू जेवतील, विचारून उठून पाणी पितील, आणि मला कधी माफ करणार नाहीत. कोणती बाजू जड हे माझ्या कुठल्याही तराजूवर कळेना. शेवटी एक तिसरं सुचलं. एका घरचं दुसऱ्या घरी सांगायचं नाही, हे मी काकूंसमोर कबूल केलंय. पण दुसऱ्या घराला पहिल्या घरी बोलवायला कुठल्या नियमाची आडकाठी नाही. मग काय करायचं ते मायलेकी ठरवतील. बिलासपूर हा एकच उपाय आहे असंही नाही. पण आधी तिनं स्वतः पाहिलं पाहिजे.

म्हणून पिंकीला उत्तर लिहिलं: "लिस्ट इस बार आप खुद बनाइए. बिना बताए आइए, शाम को साढ़े सात बजे."

एवढंच आहे. काना-मात्रा तपासून झालं. पाच दिवस झाले, पाठवायचं राहिलं आहे.